अप्रतिम!

सकाळी सहाला साहित्याच्या ग्रुपवर कविता येऊन पडते आणि सहा वाजून एक मिनिटाला ‘अप्रतिम!’ हजर. कविता चाळीस ओळींची. म्हणजे रसिक कवीपेक्षाही शीघ्र. ‘निःशब्द’ झालेले तर त्यापुढे आणखी चार ओळी लिहितात.

व्यवहार लग्नातल्या आहेरासारखा चोख. तुम्ही माझ्या गझलेला ‘वाह’ घातलंत, मी तुमच्या कथेला ‘काळजाला भिडली’ची परतफेड करणार. वृत्त चुकलंय म्हणणारा आगाऊ ठरतो.

असाच आगाऊपणा करत १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह काढून रविकिरण मंडळ या कविगटाच्या कवितेची मनसोक्त टर उडवली. पण विडंबन करायचं तर मूळ कविता पाठ असावी लागते. ‘अप्रतिम’ला ती वाचलेली असण्याचीही अट नाही.