खोलीवाले नाना

वडखळ नाक्यावर मुंबईहून आलेला रस्ता फुटतो. एक अलिबागला जातो, दुसरा गोव्याकडे. कुठेच न जाता इथेच मुक्काम ठोकणाऱ्यांची सोय पाहतात ते खोलीवाले नाना. डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे आलेला बिहारचा वेल्डर, ओडिशाचा फिटर पेटी घेऊन नाक्यावर उतरला की त्याला खोली लागते. खारेपाटातल्या भातानं जे दिलं नाही, ते नानांना परसातल्या पत्र्याच्या आठ खोल्यांनी दिलं. असा नाना दर आळीत एक तरी सापडेल; नाव वेगळं, पण कमरेचा चाव्यांचा जुडगा तोच.

नानांचा जगावर विश्वास नाही. वीज सबमीटरवर मोजतात, पाण्याच्या बादल्या मोजतात आणि पहाटे उठून दारातल्या चपला मोजतात. खोलीत चौघं ठरलेत, म्हणजे चपला आठ. नऊ निघाल्या, तर नाना एका पायाचंही भाडं मागतील.

एवढा संशयी माणूस कागदाच्या बाबतीत मात्र साधू. “बाला, कागूद कशाला? तोंड हाय ना! मना मानूस वाचता येतो.”

करार अगदीच नाही असं नाही. पनवेलच्या मेव्हण्याच्या फ्लॅटचा एक जुना करार आहे. त्याच्या झेरॉक्सवर नाना फक्त नाव बदलतात. त्यामुळे पत्र्याच्या चाळीतले भाडेकरू वर्षानुवर्षं ‘लिफ्टचा गैरवापर करणार नाही’ असं लिहून देत आले आहेत. आजवर एकानंही तो केलेला नाही, याचा नानांना अभिमान आहे. मुदत अर्थात अकरा महिन्यांची. अकराव्या महिन्यापर्यंत कायदा झोपलेला असतो आणि बाराव्यात जागा होतो, ही त्यांची पक्की समजूत.

मग एक वेल्डर खोली सोडताना म्हणाला, “अनामत दस हजार दिया था.” नाना म्हणाले, पाच. पावती कुणाकडेच नव्हती. नानांनी संतापून त्याची वीज तोडायला हात घातला, तो पेणला वकिलाकडे उमेदवारी करणाऱ्या पुतण्यानं धरला.

“काका, भाडेकरूची वीज-पाणी तोडणं हा गुन्हा आहे. आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ऐका. करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, तो लेखी हवा, नोंदलेला हवा. नोंदायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.”

“आन् तोंडी बोलण्याला किंमत नाय?”

“आहे ना! नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत तोंडी शब्दच धरतात. पण भाडेकरूचा. तो खोटा आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.”

नाना ओटीवर बसले. आयुष्यभर ज्या तोंडावर भिस्त ठेवली, ते समोरच्याचं निघालं होतं.

पुतण्यानं हिशेब मांडला. तीन हजार भाडं, अकरा महिने, दहा हजार अनामत. पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क शंभराच्या घरात, ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. शिवाय मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्सवर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते. ‘दुप्पट’ ऐकल्यावर नानांना कायदा आवडू लागला.

पुढच्या भाडेकरूच्या वेळी सगळं रीतसर झालं. अनामतीचा आकडा लिहिला, सबमीटरचं रीडिंग लिहिलं, पंखा-बल्बची यादी जोडली, पोलीस ठाण्यात माहिती दिली. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. मिठागरात झिजलेला नानांचा अंगठा यंत्राला काही केल्या वाचता येईना. अखेर तर्जनीवर भागलं. मग नानांनी चष्मा लावून अख्खा करार वाचला आणि एजंटाकडे रोखून पाहिलं.

“यान लिफ्टचा कलम कुठं हाय?”