अंडं आणि अरबी समुद्र

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं की मालवणात चार्टपेपरला भाव येतो. प्रकल्प मुलांचा आणि रात्रपाळी पालकांची, असा एक जुना करार आहे. कोणाचे बाबा ज्वालामुखीला रंग देतात, कोणाची आई त्यात व्हिनेगर ओतायची तालीम करते. मूल तोवर झोपलेलं असतं. सकाळी उठून ते पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं.

आमचा नातू चौथीत. त्याने ज्वालामुखी नको म्हटलं, कारण वर्गात अकरा ज्वालामुखी आधीच होते. पुस्तकात त्याला एक सोपा प्रयोग सापडला. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. सोपा आहे म्हणून मीही होकार दिला.

पहिलं अंडं साध्या पाण्यातच तरंगलं.

नातू रडकुंडीला आला. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि निकाल दिला, "मेल्या, अंड्यात वारो भरलो हा!" अंडं जुनं झालं की कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला ओलावा उडतो, हवेची पोकळी वाढते आणि अंडं हलकं होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं अंडी पाण्यात टाकून पारखली, एवढंच. मी मात्र पदवीधर असून ते अंडं बदलून आणायला दुकानात गेलो आणि दुकानदाराला विज्ञान समजावून सांगू शकलो नाही.

मग शेजारून गावठी कोंबडीचं ताजं अंडं आणलं. ते शिस्तीत बुडालं. आता मिठाचं पाणी. नातवाचं म्हणणं असं, की दाराशी एवढा समुद्र असताना घरातलं मीठ कशाला नासवायचं? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. उलट मालवणी काटकसर पुढच्या पिढीत उतरल्याचं समाधानच वाटलं.

पण लाटांत अंडं कोण सोडणार? खडकांतलं शांत डबकं हवं, म्हणजे ओहोटी हवी. सौभाग्यवतींनी कालनिर्णय पाहिलं. दुसऱ्या दिवशी संकष्टी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आमच्या किनाऱ्याचा पाढा. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर त्याआधी सहा तास, नऊला ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाढ्यात पंचेचाळीस धरलेली असतात. पाच मिनिटांचा हा फरक दर्यावर्दी माणसं मनावर घेत नाहीत, आणि भरतीही घेत नाही.

नऊ वाजता आम्ही रॉक गार्डनजवळच्या खडकांत. एकजण गरी टाकून बसला होता. आम्ही डबक्यात अंडं सोडताना बघून त्याने विचारलं, "अंडा लावन काय गावता ओ?"

अंडं बुडालं. सरळ तळाशी जाऊन बसलं.

पुस्तक खोटं की समुद्र खोटा? नातवाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अरबी समुद्र मीच कालवला होता. घरी बाटलीभर समुद्र आणला. पेल्यात ओतला. मग शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ एकेक चमचा टाकत गेलो. एक, काही नाही. दोन, काही नाही. तीनला अंडं जरा उभं राहिलं. चौथ्या चमच्याला ते हळूच वर आलं आणि डोकं बाहेर काढून बघू लागलं. लीटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार. ताज्या अंड्याला त्याच्या तिप्पट तरी लागतात. आमच्या समुद्राचं मीठ माणसाला खारट, अंड्याला अळणी!

असं हाताने करून बघायचं विज्ञान काही नवं नाही. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब, एवढ्या भांडवलावर मूल त्रिकोण का डगमगत नाही आणि चौकोन का कलतो ते बोटांनी शोधतं. ती खेळणी मोडतात, पुन्हा जुळतात. आमचे चार्टपेपर मोडत नाहीत, म्हणून त्यांत कोणी बोट घालत नाही. असो. मीही तीस वर्षं चार्टपेपरच्या बाजूने होतो.

प्रदर्शनात बक्षीस ज्वालामुखीलाच गेलं. त्याच्या बाबांनी आत दिवाही बसवला होता, त्यामुळे तक्रार नाही. नातवाने प्रकल्पवहीत निष्कर्षाखाली एकच ओळ लिहिली होती : आपल्या समुद्रात मीठ कमी आहे. बाईंनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी फिरायला गेलो, तर बाई त्याच खडकांतून जपून पावलं टाकत चालल्या होत्या. हातात लहानशी पिशवी, ती फार सांभाळून धरलेली. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. पिशवीत काय आहे, ते मी विचारलं नाही.