कंटाळ्याचं आरक्षण

नाशिककराला हल्ली घरबसल्या सगळं मिळतं, कंटाळा सोडून. त्यासाठी इगतपुरी गाठावी लागते. १९७६ पासून सुरू असलेल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात १० दिवस मोबाइल जमा, वाचन-लेखन बंद, बोलणं बंद, पहाटे ४ ला घंटा. (विपश्यना म्हणजे कंटाळा नव्हे, मान्य. साधकांनी रागावू नये. रागाचं काय करायचं ते तिथं शिकवतातच.) अर्ज मात्र ऑनलाइन!

याच इगतपुरीत पूर्वी कंटाळा रेल्वेच्या तिकिटातच मिळायचा. इंजिन बदलेपर्यंत गाडी उभी. माणसं फलाटावर उतरून वडे खायची, डोंगराकडे बघत बसायची, समोरच्या बाकावरच्या अनोळखी काकांच्या भाचीचं लग्नही जमवून टाकायची. कुणी त्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणत नव्हतं. उशीर झाला म्हणून रेल्वेला शिव्याच घालत.

आता नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, निवांत बसलेला माणूसही मान खाली घालून दुसऱ्या कुणाचा निवांतपणा बघत असतो. आणि शिबिराहून परतणारा आपला साधक? तो घोटीच्या टोलनाक्यापर्यंत मौन पाळतो. मग ‘आतून शांत शांत’ असं स्टेटस टाकतो, आणि ते कुणी कुणी पाहिलं हे बघत नाशिकपर्यंत येतो.