सतार लागेपर्यंत

मिरजेत राहणाऱ्या माणसाला सतार वाजवता येत नसेल तर मिरजेत कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते बाहेरगावच्या पाहुण्यांना. "मिरजेचे ना तुम्ही? मग?" असं म्हणून ते अशा काही अपेक्षेने बघतात, की इथे नळाला पाण्याबरोबर झिंझोटीही येत असावी. त्यांनाही दोष देता येत नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देण्याचा धंदा सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, आणि पुढे इथल्या सतारी-तानपुरे देशभर गेले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात वारले, पण त्यांना माती मिळाली ती मिरजेच्या दर्ग्यात, आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणात मोठमोठे गवई-वादक हजेरी लावून जातात.

या सगळ्याचा परिणाम असा, की मिरजेत कान फुकट मिळतो. हात मात्र ज्याचा त्याने कमवायचा असतो, हे जन्मताना कुणी सांगत नाही.

मला कान मिळाला होता. बँकेत बढती मिळाली तेव्हा सतारही मिळाली. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने ती माझ्या मांडीवर ठेवली, घोडीवरून कानस अलगद फिरवून जवारी काढून दिली, स्वतः दोन सूर छेडले आणि म्हणाला, "झकास बोलतीय बघा. आता फकस्त वाजवायचं राहिलं." एवढी एकच बाब शिल्लक आहे म्हटल्यावर मी पैसे दिले.

पुढे एका गुरुजींकडे संध्याकाळच्या शिकवणीला जाऊ लागलो. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक दिली, प्रवेशिका प्रथम दिली. विशारद-अलंकार या पायऱ्या लांब वर धुक्यात होत्या, त्यांच्याकडे मी पाहत नसे. अशात गावातल्या एका मंडळाचं पत्रक हाती आलं: 'युवा वादक स्पर्धा. वयोमर्यादा 30 वर्षे.'

तिसावं सरायला माझा अजून एक पावसाळा बाकी होता. ज्याने सरकारी भरतीच्या जाहिराती वाचत विशी काढली आहे, त्याला कुठल्याही वयोमर्यादेत आपण बसतो असं दिसलं की अर्ज भरावासा वाटतो. कशासाठी, हा प्रश्न नंतरचा. गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ पान लावत राहिले. मग म्हणाले, "घ्या की भाग. घ्यायला काय!" अर्जात 'गुरूचे नाव' असा रकाना होता. तो मी त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाले, "तिथं 'स्वयंप्रेरणेने' लिहिलंत तरी चालेल."

नियम सुटसुटीत होते. प्रत्येकाला बारा मिनिटं, वाद्य लावण्याचा वेळ धरून. राग एकच, आणि तो समयानुसार. स्पर्धा सकाळी नऊला सुरू होणार होती. माझ्या संग्रही भैरव, यमन आणि भूप असे तीन राग होते. म्हणजे पहाटेचा एक आणि दिवेलागणीनंतरचे दोन. मधला सगळा दिवस मी बँकेत असतो, त्यामुळे त्या वेळेचा राग लागेल असं कधी वाटलंच नव्हतं. भैरव ठरला.

पहाटे उठून रियाज सुरू केला. पोलादी तारेने तर्जनी आणि मधलं बोट चिरलं, त्यावर खोबरेल तेल चोळलं. सतारियाच्या बोटावर जी काळी रेघ उमटते ती उमटली, तेव्हा मी ती बँकेत चेक परत देताना गिऱ्हाइकांना दिसेल अशी धरू लागलो. घरात मात्र कौतुकाची टंचाई होती. बायको माहेरची मिरजेचीच. ती कणीक मळता मळता आतून सांगायची, "आज रिषभ कालच्यापेक्षा चढा लागतोय." भैरवाचा रिषभ कोमल, तोही आंदोलित. मींड काढताना तार किती ओढायची हे बोटाला कळायच्या आत स्वयंपाकघराला कळत होतं. एकदा तर दूधवाल्याने पातेल्यात दूध ओतून झाल्यावर जरा थांबून म्हटलं, "साहेब, जोडीची तार उतरलीय." मी म्हटलं, ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी साडेआठलाच सतार घेऊन पोचलो. दारातल्या स्वयंसेविकेने यादी उघडून विचारलं, "पाल्याचं नाव?" मी माझं सांगितलं. तिने खूण केली आणि माझ्या मागे डोकावून म्हणाली, "आणि ते कुठं आहेत?" खुलासा झाल्यावर तिने बिल्ला दिला खरा, पण बसायला पाठवलं ते मागच्या दोन रांगांत, पालकांच्यात. तिथे मात्र माझं स्वागत झालं. शेजारच्या बाईंनी डब्यातून चकली दिली आणि "तुमचा कितवीला आहे?" असं विचारलं.

स्पर्धक बहुतेक शाळकरी होते. काहींचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. ते हातावर ताल धरून एकमेकांना चक्रदार म्हणून दाखवत होते आणि अडखळलं की हसत होते. मी सकाळच्या थंडाव्यात भैरवाला सतार लावून ठेवली. सतारीच्या वरच्या सात तारा लावून भागत नाही. पडद्यांखालून ज्या अकरा ते तेरा तरफा जातात, त्याही त्या रागाच्या सुरांना मिळवाव्या लागतात, तेव्हा वरचा सूर छेडला की खालची तार आपोआप बोलते. माझ्या तरफा कोमल रिषभ, कोमल धैवत बोलू लागल्या. मी तयार होतो.

प्रमुख पाहुणे तयार नव्हते. ते अकराला आले. दीपप्रज्वलनात डोक्यावरच्या पंख्याने काड्यापेटी संपवली. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, पाहुण्यांनी मोबाइलचे दुष्परिणाम सांगितले आणि मोबाइल आला म्हणून ते निघाले. मग तबला सुरू झाला. आपल्याकडे तबल्याला तोटा नाही. पेशकार, कायदा, रेला असं करत पोरांमागून पोरं सोळा मात्रांना घेरत होती. तबल्यानंतर बासरी, संवादिनी, व्हायोलिन. जेवणं झाली. तंतुवाद्यांची हाक आली तेव्हा साडेतीन वाजले होते.

साडेतीनला भैरव वाजवत नाहीत, हे मला कळत होतं. काय वाजवतात तेही कळत होतं: भीमपलास, मुलतानी, पटदीप. नुसती नावंच नव्हे, त्यांची अंगंही कळत होती. वाजवता फक्त येत नव्हते.

माझ्या शेजारी सहावीतली एक मुलगी आपली छोटी सतार पुसत बसली होती. मी विचारलं, "तू काय वाजवणार गं?"

"मुलतानी. भीमपलास पण बसवलाय, पण आई म्हणाली मुलतानी."

"आणि आणखी उशीर झाला तर?"

"पुरिया धनाश्री आहे की." तिने मला आपादमस्तक पाहिलं. "काका, तुमचा कुठला?"

मी घाम पुसला. घामाने माझ्या तर्जनीवरची नखी गरागरा फिरत होती. तिने कंपासपेटी उघडली, पट्टी आणि कर्कटकाच्या मधून चिकटपट्टी काढली आणि माझ्या बोटाला एक वेढा देऊन वर नखी बसवून दिली. "आता नाही फिरायची," असं म्हणून ती स्टेजवर गेली.

ती मुलतानी मी विसरणार नाही. निषादावरून कोमल गंधाराकडे जाताना त्या पोरीने तीव्र मध्यम असा काही ओझरता दाखवला, की मागच्या रांगेतल्या चकल्या थांबल्या. आवाज लहान, पण सूर जागच्या जागी. आणि सम अशी यायची की अगोदर सांगून ठेवल्यासारखी. कानाचा शाप मला त्या वेळी नीट कळला. कान नसता तर "लहान आहे, गोड वाजवते" एवढं म्हणून मी निर्धास्त उठलो असतो. आता मला तिच्या आणि माझ्या मधलं अंतर श्रुतींच्या हिशेबात मोजता येत होतं.

स्टेजवर वातानुकूलन होतं. बाहेरच्या उकाड्यात बसलेली सतार गारव्यात गेली की तारा आकसतात आणि सूर चढतो. माझी सतार मुळात भैरवात होती, ती आता सगळीच्या सगळी वर सरकलेल्या भैरवात गेली. समोर तीन परीक्षक. मधले वृद्ध. मी हात जोडून विचारलं, "यमन वाजवला तर चालेल का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते. मग माझ्या सतारीच्या खुंट्या पाहिल्या, माझे हात पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "वाजवा. तुमची लागेपर्यंत होईल संध्याकाळ."

भैरवातून यमनात जायचं म्हणजे कोमल रिषभ-धैवताच्या तरफा शुद्धाला चढवायच्या आणि मध्यमाची तीव्रला. एक चढवली की दुसरी उतरते. खुंटी पिळली की ती एकतर हलत नाही किंवा हलते तेव्हा थांबत नाही. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं लावली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी आभार मानून म्हटलं होतं, की लावणं इतकं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. माझ्या लावण्यालाही एका चिमुकल्याने टाळ्या दिल्या, पण त्याच्या आईने त्याचे हात धरले. ती मिरजेची असणार.

वाजवायला सुरुवात केली तेव्हा बारांपैकी पाच मिनिटं उरली होती. आलाप गेला, जोड गेला, झाल्याचा प्रश्नच मिटला. थेट मसीतखानी गत. हिचा मुखडा बाराव्या मात्रेपासून उठतो आणि पाच मात्रांनी समेवर येतो. साथीला एक विशीतला तबलजी होता. पहिली दोन आवर्तनं बरी गेली. त्यामुळे धीर चेपून मी तोडा घेतला आणि परत येताना बाराव्याऐवजी दहाव्या मात्रेलाच मुखडा धरला. सम दोन मात्रा आधी आली. पोराने माझ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात दोन मात्रा गिळल्या आणि मी जिथे उतरलो तिथे 'धा' ठेवला. पुढच्या वेळी मी उशिरा आलो, तर तो दारात उभा असल्यासारखा थांबून राहिला. मग घंटा झाली. मी तिहाई घेतली. तिहाईचे तीन तुकडे सारखे असावेत असा नियम आहे. माझे तिन्ही वेगवेगळ्या मापाचे निघाले. शेवटचा भलत्याच मात्रेवर पडला आणि त्या सज्जनाने तिथेही जोरात थाप देऊन, डोकं हलवून, ती समच होती असं सभागृहाला पटवायचा प्रयत्न केला. त्याला साथीचं वेगळं बक्षीस नव्हतं. असायला हवं होतं.

निकालाआधी वृद्ध परीक्षकांनी मला बोलावलं. "कान चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. मी खाली वाकलो. "म्हणजे, सूर हलला की आमच्या आधी तुमचा चेहरा पडत होता. आम्हाला गुण द्यायला सोपं गेलं." मग त्यांनी माझी सतार हातात घेतली, जोडीवरून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि विचारलं, "वा! कुणाकडची केलीय?" मी कारागिराचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. माझं घेतलं नाही.

पहिलं बक्षीस मुलतानीला मिळालं. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझ्या नावाआधी 'कुमार' छापलं होतं आणि खाली उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा होत्या. बायकोने ते वाचलं, माझ्या विरळ केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "मध्यम तरी तीव्र लागला का?"

एवढ्या अनुभवावर मला मत द्यायचा अधिकार पोचतो. लहान पोरांचा हात आणि कान बरोबरीने वाढतात, म्हणून ती चुकली तरी हसतात. आपलं उलट होतं. कान पन्नास मैफली ऐकून बसलेला असतो आणि हात प्रवेशिका प्रथमला असतो, त्यामुळे आपण आपलेच सगळ्यात कडक परीक्षक होऊन स्टेजवर बसतो. घरी वाजवताना मात्र हाच कान उपयोगी पडतो, आणि वाजवणं मी सोडलेलं नाही. सध्या भीमपलास बसवतो आहे. गुरुजी म्हणतात, घाई नाही.

आयोजकांना विनंती एवढीच, की वयोमर्यादा तीसवरून अठरावर आणावी आणि माझ्यासारख्यांना मोहापासून कायद्याने संरक्षण द्यावं. आणि ज्यांच्या तिशीला अजून एखादा पावसाळा बाकी आहे, त्यांनी अर्ज न भरता श्रोते म्हणून यावं. प्रवेश विनामूल्य असतो, खुर्च्या मागच्या दोन रांगांत रिकाम्या असतात, आणि चकल्या चांगल्या असतात.