बांधलेलं इंजिन

जुनी गाडी धूर सोडत, तेल पीत कशीबशी चालत असते तेव्हा मालकाच्या मनात एक धीर असतो: इंजिनचं काम काढायचं अजून बाकी आहे. एकदा बोअर केलं, रिंगा टाकल्या की बघा मग! पण काम होऊन, पैसे मोजून, पेढे वाटून झाल्यावर गाडी आचके द्यायला लागली, की माणसाला धरायला काही उरत नाही. पूर्वीच्या बिघाडाला वय हे कारण होतं. आताच्या बिघाडाला पावती आहे.

कोल्हापूरला आमच्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीने १९६४ मध्ये कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट काढली, तिचंच पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग सीट. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा मामांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या दारात गाडी उभी नसते, वारसा उभा असतो. आणि वारशाने भर चौकात निळा धूर सोडणं बरं दिसत नाही, म्हणून इंजिन उतरवायचं ठरलं.

काम उद्यमनगरात झालं. ब्लॉक बोअरिंगला गेला, क्रँक घासून आली, वरच्या साइझचे पिस्टन मिळाले (कसे मिळाले ते मामांकडूनच ऐकावं, किमान दोन चहा लागतात), व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले. गाडी घरी आली आणि तिने पहिल्याच सकाळी सुरू व्हायला खळखळ केली. स्टार्टर कण्हत फिरायचा. सुरू झाली तर स्लो धरेना, मध्येच मिसिंग, आणि पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या चढाला तर इंजिन असं अडखळलं, की मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता नुसती मान हलवली. मामांना ते जास्त लागलं.

नव्याने बांधलेलं इंजिन बिघडलं, की गल्लीत विद्वत्सभा भरते. समोरच्या काकांचं म्हणणं, टायमिंगच्या चेनचा एक दात चुकला. हे मत मांडायला फार सोयीचं, कारण खात्री करायची तर निम्मं इंजिन पुन्हा उघडावं लागतं. दात चुकला तर गाडी बंद पडत नाही, चालते पण ताकद देत नाही, त्यामुळे लक्षणंही जुळतात. वरच्या मजल्यावरच्यांना कार्ब्युरेटरचा संशय. तिसऱ्यांनी सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकला. हे गृहस्थ गुडघेदुखीचं मूळही तिथपर्यंत नेतात. खरं तर जुन्या गाडीच्या रबरी पडद्यांना आणि नळ्यांना इथेनॉल मानवत नाही हे खोटं नाही, पण ते इंजिन उतरवलेल्या दिवसापासून मुहूर्त साधून कशाला त्रास देईल?

एका भाच्याने प्लगच्या वायरी तपासल्या. तो मुद्द्याचा माणूस. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो, आणि डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या) टोपणावर शेजारच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की चारातली दोन सिलिंडरं निव्वळ प्रवासी होतात. आणखी एक गंमत त्याने सांगितली. क्रँक दोन फेरे फिरते तेव्हा डेल्को एकच फेरा घेतो. त्यामुळे पुलीवरची खूण दोनदा जुळते, त्यातली एकदाच खरी. दुसऱ्या खुणेवर डेल्को बसवला तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडतं. इथे फटाके नव्हते आणि क्रमही बरोबर होता. भाचा हात पुसून जेवायला बसला.

या सगळ्या काळात मामी एकच गोष्ट सांगत होत्या.

“अहो, ते चोकचं बटण चटका देतंय.”

“इंजिन नवीन आहे,” मामा म्हणायचे, “तापणारच.”

स्टार्टर कण्हतोय यालाही हेच उत्तर होतं. नव्या रिंगा घट्ट असतात, इंजिन जड फिरतं, पाचशे-हजार किलोमीटर झाले की मोकळं होईल. यात चुकीचं काही नाही, म्हणूनच ते घातक. खरं कारण आणि खरं वाटणारं कारण एकाच गाडीत बसले, की पुढची सीट नेहमी दुसऱ्याला मिळते.

शेवटी एक म्हातारे मेस्त्री आले. हे इंजिन बांधणारे नव्हेत. बांधणारे ‘रनिंग होऊ दे साहेब’ म्हणून फोन ठेवत होते. मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, “काढलं काय काय हुतं?” बिघडलंय काय, हे विचारलंच नाही. मला हा प्रश्न फार आवडला. आम्ही सगळे इंजिनच्या पोटात शिरलो होतो, कारण पैसे तिथे गेले होते. पण इंजिन बाहेर काढायचं तर पोटाला हात लागायच्या आधी पंचवीस भलत्याच गोष्टी सोडाव्या लागतात: नळ्या, तारा, केबली, पट्ट्या. त्या पुन्हा जोडताना रात्र झालेली असते आणि गॅरेजातल्या पोराचं लक्ष घड्याळाकडे असतं.

मेस्त्रींनी चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी आवाज पडला, म्हणजे चारही सिलिंडरं कामावर हजर. कॉम्प्रेशनचा गेज लावला, चारही चांगली आणि जवळजवळ सारखी. टायमिंगवाले काका थोडे मागे सरकले. कार्ब्युरेटरच्या बुडाशी थोडं तेल सोडून पाहिलं, तिथूनही हवा खेचत नव्हती. मग ते सीटवर बसले, स्टार्टर मारला, चोकला हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

“ह्ये असंच तापतंय व्हय?”

“पहिल्या दिवसापासून,” मामी दारातून म्हणाल्या.

मेस्त्री गाडीखाली गेले. “साहेब, इंजनाला अर्थच न्हाई!”

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला. इंजिनातून करंट बॉडीपर्यंत परत यायला तांब्याची एक विणलेली पट्टी असते. ती बोल्टला लावायची राहून गेली होती आणि गिअरबॉक्सशेजारी लोंबत होती. वाट बंद झाली म्हणून करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इथे ती चोकच्या बारीक केबलमधून सापडली होती. स्टार्टरचा शंभर अँपिअरच्या वरचा करंट त्या केबलमधून डॅशबोर्डकडे धावायचा, आणि गाडी चालताना ठिणगीचं येणं-जाणंही त्याच बोळातून. खड्डा आला, केबल हलली, की मिसिंग. बोल्ट घासून पट्टी आवळली, चावी फिरवली, आणि इंजिन कण्हलं नाही. मेस्त्रींनी घेतले ते पैसे आतापर्यंत झालेल्या पेढ्यांपेक्षा कमी होते.

गाडी आता दणक्यात चालते, त्यामुळे नव्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. जुन्या शाळेत कडक मुख्याध्यापक आला, की आजवर निवांत असलेल्या शिपायापासून घंटेपर्यंत सगळ्यांचे दोष उघडे पडतात, तसं झालंय. क्लच चढावर घसरतो, कारण एवढी ताकद त्याने कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. रेडिएटरला चढ झेपत नाही. आणि मामांना चाळिसाच्या वेगाला एक टिकटिक ऐकू येते. मेस्त्री म्हणाले, “टॅपेट हाय. पयल्यापास्नं हाय. बाकीचं गप झालं म्हणून ऐकू आलंय.”

मामांना ते पटलेलं नाही. रविवारी टॅपेट कव्हर उघडायचं ठरलंय, नवं गॅस्केट आणून ठेवलंय, आणि इथेनॉलवाले सकाळी नऊलाच येतो म्हणालेत.