बाई, हलू नका!

जुलैत शनिवारचा फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला की आठवीतल्या एखाद्या पोराची मान जी डाव्या खांद्यावर कलते, ती थेट वार्षिक परीक्षेपर्यंत तशीच. एक डोळा मिटलेला, अंगठे आणि तर्जन्या जुळवून केलेली चौकट नाकासमोर, आणि चौकटीत मी. मी बिचारी फळ्यावर समास सोडवत असते. मागून आवाज येतो, ‘‘बाई, हलू नका. खडूची धूळ भारी दिसतेय.’’

याला वर्गात ‘लेन्स्या’ म्हणतात. नाव दरवर्षी तेच, पोर नवं. कधी मुलगीही असते. तिलाही लेन्स्याच म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या वेळी ती जिन्यात पालथी पडून कठड्याच्या सावल्या टिपत असते.

वर्गात येतो तेव्हा हा अगदी साधा मुलगा असतो. तबल्याच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि बुद्धिबळात बहीण आधीच होती, म्हणून इकडे आलेला. शिकवतात आमचे चित्रकलेचे सर. ते पहिले काही तास कॅमेऱ्याला हात लावू देत नाहीत. बुटांचं खोकं घ्यायचं, एका बाजूला टाचणीचं भोक, समोरच्या बाजूला बटर पेपर, आणि डोक्यावरून काळं कापड. खोकं मैदानाकडे धरलं की आख्खं मैदान बटर पेपरवर उलटं. प्रकाश सरळ रेषेत जातो हे विज्ञानात शिकवून झालेलं असतं. पण त्या रेषेत मुख्याध्यापिका आल्या की पाय वर आणि अंबाडा खाली दिसतो, हे पुस्तकात नसतं. बातमी मधल्या सुट्टीत फुटते. एरवी पाण्याच्या नळाशी मारामाऱ्या करणारी पोरं खोक्यापुढे गुपचूप रांग लावतात. आमच्या मुख्याध्यापिका लांबून ती रांग बघून समाधानाने मान डोलावतात. खोक्यात तीही मान उलटीच डोलते.

मग खरा कॅमेरा. शाळेत मोबाइलला बंदी, त्यामुळे बाबांनी कोकणच्या सहलीसाठी हौसेने घेतलेला आणि नंतर कपाटात टॉवेलमध्ये झोपलेला डीएसएलआर बाहेर निघतो. त्याबरोबर येतं एक सहीचं पत्र: विद्यार्थ्यास वर्गाच्या कामासाठी आवारात फिरण्याची परवानगी आहे. लेन्स्याची निम्मी कला त्या पत्रात आहे असं माझं मत. ज्याला वर्गाबाहेर काढायचं, तो आधीच बाहेर असतो.

दुसऱ्या महिन्यात तो आम्हाला शिकवू लागतो. एफ १.८ म्हणजे मोठं भोक, एफ १६ म्हणजे बारीक. आकडा वाढला की भोक लहान. लख्ख ऊन असेल तर एफ १६ ठेवायचं, आणि आयएसओ शंभर असेल तर शटर एक छेद शंभरच्या आसपास. कॅमेऱ्यावर एक छेद सव्वाशे असतं, तेही चालतं, उजेड किंचित कमी येईल एवढंच. हे सगळं तो शिक्षकखोलीच्या दारात उभा राहून गणिताच्या सरांना सांगत होता. सरांनी चहा खाली ठेवला.

‘‘मग एक छेद शंभर आणि एक छेद सव्वाशे यांत मोठा कोण, हे चाचणीत का चुकलं?’’

‘‘तिथे ऊन नव्हतं, सर.’’

चित्रकलेचे सर ॲग्फा क्लिक थ्रीवर शिकलेले. एका रोलमध्ये बारा फोटो. तेवढ्यात त्यांनी मावसबहिणीचं लग्न सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत बसवलं होतं, आणि दोन फोटो उरवून घरी गाय काढली होती. रोल धुवायचा तो पूर्ण काळोखात चाचपडत. लाल दिवा कागदाच्या वेळी, आणि मग हायपोचा वास हाताला दोन दिवस. हे ऐकताना लेन्स्याचे डोळे पाणावतात. तास संपला की तो गच्चीत जाऊन एका कबुतराचे चारशे फोटो काढतो. कबुतर एकच, आणि ते शेवटपर्यंत उडत नाही.

माणसांचं मात्र याला वावडं. म्हणजे चेहऱ्यांचं. त्याला कुलूप चालतं, तेही गंजलेलं. देवळाबाहेरच्या चपला, अळूच्या पानावरचा थेंब, हातगाडीचं चाक, वाड्याच्या दाराची कडी चालते. शहरात पालखी आली की हा वडिलांना पहाटे उठवून दिवे घाटात नेतो आणि लाखभर वारकऱ्यांतून फक्त एक उलटी झालेली छत्री घेऊन परततो. माणूस घ्यायचाच झाला तर हात, आणि हातांवर सुरकुत्या हव्यात. त्यासाठी घरी आजी असतेच. तिला खिडकीशी बसवतात.

‘‘आजी, चष्मा काढ. हात गुडघ्यावर. आता जरा दुःखी हो.’’

‘‘दुःखी कशाला? चांगलं चाललंय की माझं.’’

‘‘मग लांब कुठेतरी बघ.’’

आजी लांब, स्वयंपाकघराकडे बघते. हा फोटो आंतरशालेय स्पर्धेत ‘प्रतीक्षा’ नावाने लागतो आणि उत्तेजनार्थ येतो. परीक्षकांना त्या नजरेत एका पिढीचं एकाकीपण दिसतं. आजीला त्यात गॅसवरची गवार दिसते. ती त्या दिवशी करपली होती.

आत्याच्या मुलीच्या लग्नात तर घरच्यांनी याच्यावर विश्वासच टाकला. स्टुडिओवाला होता, पण आपला मुलगा शिकतोय, घरचेही फोटो होतील. याने काय आणलं? हवेत थिजलेल्या अक्षता. एक छेद हजारच्या शटरवर दाणा न् दाणा सुटा, मागे अंतरपाटाचा धूसर पांढरा पट्टा. खरं सांगायचं तर फोटो सुंदर होता. मी तो मागून घेतलाय. पण वधू नाही, वर नाही, आणि आत्याची नवी पैठणी तर औषधालाही नाही.

‘‘आत्या, कार्यालयात उजेडच नव्हता. मी आयएसओ सहा हजार चारशेवर गेलो होतो.’’

‘‘कुठे जायचं तिथे जा रे, पण माझा एक फोटो काढून जायचं होतंस.’’

पालकसभेत वडील हमखास विचारतात, की हे खूळ पुढे कामाला येणार का. चित्रकलेच्या सरांचं उत्तर तयार असतं. खूळ जुनं आहे, ते सांगतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामांकित छायाचित्रकार झाले. वडील हे सगळं आदराने ऐकून घेतात आणि विचारतात, ‘‘त्यांना दहावीला किती होते?’’

याच सरांनी एकदा दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली आणि शाळेला ती भोवली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढतानाचा छोटासा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्यांना विद्या दाखवायची होती. लेन्स्याला कुणाकडून भांडवल नको होतं, पण वाटाणा हवा होता. वाटाणा उगवेना, म्हणून मेथी. ग्रंथालयाच्या खिडकीत कुंडी, समोर तिपाईवर कॅमेरा, दर अर्ध्या तासाला आपोआप एक फोटो, आणि भिंतीवर कागद: ‘कृपया हात लावू नये. रोप अभिनय करत आहे.’

स्नेहसंमेलनात ती फिल्म दाखवली. माती फुटते. दोन पानं वर येतात, उजेडाकडे वळतात, थरथरतात. सभागृह खरंच स्तब्ध. तेवढ्यात कुंडी गायब. पुढच्या चित्रात फडकं घेतलेला मावशींचा हात. त्यापुढच्यात कुंडी पलीकडच्या खिडकीत, कारण तिथे ऊन बरं येतं. मग मावशी स्वतः, कॅमेऱ्यात डोकावून, हा डोळा चालू आहे की बंद ते बघताना. पडदाभर फक्त त्यांचं नाक आणि चमकी. मग तांब्या. मग एका सोमवारी नुसती माती, कारण मेथी तयार झाली होती आणि मावशींना ती वाया घालवणं पटलं नाही. त्यांच्या नाकाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या त्या संमेलनात अध्यक्षांनाही पडल्या नाहीत. लेन्स्या पडद्यामागे कोसळलेला. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि तो भाग कापायला साफ नकार दिला. मावशींनी नंतर त्या नाकाची मोठी प्रत करून मागितली. ती त्यांच्या घरात देवघराशेजारी लागली आहे, मी बघून आले. लेन्स्याचा भिंतीवर लागलेला माझ्या माहितीतला हा एकमेव फोटो.

वर्षाचा शेवट वर्गाच्या फोटोने होतो. स्टुडिओचे काका येतात. खाली बसणारे, बाकांवर बसणारे, मागे उभे, त्याच्या मागे बाकांवर उभे, अशा चार ओळी दहा मिनिटांत लावतात. लेन्स्या त्यांच्या खांद्याशी जाऊन उभा.

‘‘काका, सूर्य पाठीमागे येतोय. चेहरे काळे पडतील.’’

‘‘फ्लॅश आहे.’’

‘‘आणि बाई मधोमध नकोत. एक तृतीयांशावर घ्या, म्हणजे उरलेल्या जागेत वड आणि आकाश…’’

काकांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला. ‘‘वडाचे आईबाप फोटो विकत घेणार आहेत का? एका तोंडामागे एक प्रत खपते, राजा. तुझं तोंड इथे माझ्याजवळ, म्हणजे एक प्रत कमी. जा वर.’’

हा हिशेब मात्र त्याला एका फटक्यात कळला. तो शेवटच्या ओळीत बाकावर चढला. काकांनी ‘एक, दोन’ म्हटलं आणि वरून प्रश्न आला, ‘‘काका, शटर कितीवर आहे?’’ दुसऱ्या वेळी फ्लॅशबद्दल विचारलं. तिसऱ्या वेळी काकांनी त्याला आधीच ‘एक छेद साठ’ सांगून टाकलं, तर तो म्हणाला, ‘‘मग पोरं हललेली येतील!’’

पोरं नाही हलली. तिन्ही फोटोंत आठवी ब दात मिटून ताठ उभी आहे आणि मागच्या ओळीत एकाचं तोंड सताड उघडं. त्याच्या आईने तिन्हींच्या दोन-दोन प्रती घेतल्या.