खुनी सापडला, आता तपास करा

देशात पोलीस कमी पडतात, ही तक्रार आता मागे घ्यायला हरकत नाही. ठाण्यात अंमलदार चारच असतील, पण ठाण्याबाहेर तपास करणारी जनता अफाट आहे. तिला गणवेश नको, पगार नको, रात्रीची गस्त नको. मोबाइलमध्ये रिचार्ज असला की झालं. मृतदेह सापडायच्या आधी तिला खुनी सापडलेला असतो. कधीकधी तर खून झालेलाच नसतो, तरीही सापडतो.

मे 2025 मधलं मेघालयचं प्रकरण घ्या. इंदूरचं एक जोडपं. 11 मे रोजी लग्न, मग मधुचंद्रासाठी ईशान्येकडे. 22 मे रोजी ती दोघं मावलाखियात गावातून तीनेक हजार पायऱ्या उतरून नोंग्रियाटला गेली. झाडांच्या जिवंत मुळांचे पूल पाहायला लोक जातात, ते हेच ठिकाण. रात्री तिथे राहून 23 तारखेला सकाळी दोघं निघाली आणि बेपत्ता झाली. भाड्याने घेतलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी रस्त्यात बेवारस सापडली. ठिकाण सोहरा परिसरातलं. सोहरा म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातलं चेरापुंजी, त्यामुळे पाऊस होताच. मेघालय पोलिसांकडे सुरुवातीला एवढाच ऐवज होता. आमच्याकडे यापेक्षा पुष्कळ जास्त होता.

आमच्याकडे म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ग्रुपचं नाव आहे ‘फक्त पाणी आणि पार्किंग’. टँकर किती वाजता येणार, हे त्या ग्रुपवर आजतागायत कोणालाही नक्की सांगता आलेलं नाही. पण दोन-अडीच हजार किलोमीटरवरच्या दरीत काय घडलं, ते चहा निवायच्या आत सांगता आलं. बी विंगमधले निवृत्त मॅनेजर म्हणाले, ‘तिकडचे लोकच तसले.’ साहेब पूर्वेला नागपूरच्या पुढे कधी गेलेले नाहीत, आणि नागपूरलाही गेले होते ते बदली रद्द करून घ्यायला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नकाशाचा फोटो टाकला. त्यात बांगलादेशची सीमा सोहऱ्यापासून अर्ध्या बोटावर होती, म्हणजे मुलीला पलीकडे नेलं हे सिद्धच झालं. रात्री अकराच्या सुमारास कुठूनशी एक ऑडिओ क्लिप आली, तीत नरबळी होता. सचिवांनी तीन वेळा लिहिलं, ‘विषयाला धरून बोला.’ सगळे विषयाला धरूनच बोलत होते.

आमची सोसायटी काही जगावेगळी नाही. देशभर हीच उत्तरं फिरत होती. मेघालय म्हणजे गुन्हेगारांचा मुलूख, तिथे कोणी जाऊ नये, असं ठरवून झालं. ज्यांना आयुष्यात मेघालयला जायचंच नव्हतं, त्यांनी तिथे न जाण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. इतक्या स्वस्तात पाळता येणारी प्रतिज्ञा भीष्मालाही मिळाली नसती.

2 जूनला नवऱ्याचा मृतदेह वेई सॉडाँग धबधब्याजवळच्या खोल दरीत सापडला. ड्रोन उडवून, पावसात घसरत उतरणाऱ्या शोधपथकांनी तो शोधला, आणि त्या शोधकार्यात तिथलीच माणसं राबत होती. तीच ती, ‘तसले लोक’. मृतदेह सापडल्यामुळे ग्रुपवरचा तपास थंडावेल असं वाटलं होतं, पण उलट झालं. एक मृतदेह म्हणजे प्रश्न अर्धाच सुटला होता. मुलगी कुठे आहे, यावर पुढचा आठवडा निघाला.

मग 9 जून उजाडला. नवविवाहिता उत्तर प्रदेशात गाझीपूरला पोलिसांच्या ताब्यात असल्याची बातमी आली, आणि नवऱ्याच्या खुनाच्या कटाचा आरोप तिच्यावरच होता. सोबत मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून पकडलेले आणखी काही तरुण. पकडलेल्यांत ना कोणी खासी, ना कोणी बांगलादेशी, ना कोणी मांत्रिक.

त्या सकाळी आमच्या ग्रुपवर विलक्षण शिस्त होती. ‘हा मेसेज डिलीट केला गेला’ या ओळीखाली तीच ओळ, तिच्याखाली पुन्हा तीच. नऊ वाजून गेले आणि मॅनेजरसाहेबांचा नवा मेसेज आला, ‘मला पहिल्या दिवसापासून त्या मुलीवर संशय होता.’ त्याला अठ्ठावीस अंगठे मिळाले. मेघालयातून माफीची मागणी झाली, ती बातमी मात्र कोणी पुढे पाठवली नाही. फॉरवर्डचं बटण काही बातम्यांना लागू होत नसावं.

आता या तपासाला वळण कशामुळे मिळालं, तेही ऐका. मावलाखियातच्या एका गाइडने पोलिसांना सांगितलं की, त्या दिवशी सकाळी हे जोडपं आणखी तीन पुरुषांबरोबर पायऱ्या चढताना त्याला दिसलं होतं. चौघे पुरुष पुढे आणि ती मागे. ते हिंदीत बोलत होते. आपल्याला खासी आणि इंग्रजी कळतं, हिंदी कळत नाही, तेव्हा ते काय बोलत होते ते आपल्याला समजलं नाही, असंही त्याने सांगून टाकलं. या संपूर्ण प्रकरणात ‘मला समजलं नाही’ असं म्हणणारा मला आढळलेला हा एकमेव माणूस. त्याने पाहिलं तेवढं सांगितलं आणि जिथे पाहणं संपलं तिथे तो थांबला. आमच्या मंडळींचा तपास बरोबर त्याच जागेपासून सुरू होतो.

दुसरी गोष्ट मंगळसूत्राची. सोहऱ्यातल्या होमस्टेवर ठेवून दिलेल्या बॅगेत मंगळसूत्र आणि अंगठी सापडली, तेव्हा शंकेची पाल चुकचुकली, असं राज्याच्या पोलीस महासंचालक इदाशिशा नोंग्रांग यांनी सांगितलं. जिथे खासी बायका मंगळसूत्र घालत नाहीत, त्या मुलखातल्या पोलिसांना मंगळसूत्र दिसलं. ज्यांच्या दिवाणखान्यात संध्याकाळी सात ते दहा मंगळसूत्राचे क्लोजअप चालतात, ते मात्र बांगलादेशच्या सीमेवर बसून होते. अर्थात बॅगेत मंगळसूत्र ठेवून फिरायला जाणाऱ्या बायका महाराष्ट्रातच लाखांनी असतील. म्हणून पोलिसांनी त्यावरून कोणाला फासावर चढवलं नाही, फोनचे तपशील आणि कॅमेऱ्यांचं चित्रण तपासायला घेतलं. ग्रुपने ही मधली कंटाळवाणी पायरी गाळली. दुसऱ्याच दिवशी, जिमला जाताना मंगळसूत्र काढून ठेवणाऱ्या सी विंगमधल्या एका वहिनींबद्दल दबक्या आवाजात चौकशी सुरू झाली. पाठोपाठ विनोद आले. बायकोने डोंगरावर जाऊ म्हटलं तर घाबरणारे नवरे आणि त्याच वर्षी मार्चमधल्या मेरठच्या प्रकरणात नवऱ्याचा मृतदेह ज्यात सापडला तो निळा ड्रम. दोन घरांत माणसं मेली होती, आणि सोसायटीत दोन आठवडे खसखस पिकत होती.

या गुप्तहेरांचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. देहबोलीवाले लग्नाच्या व्हिडिओत नवरीची पापणी किती वेळा लवली ते मोजतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नवरीचा सकाळपासून उपाशी, नऊवारीत अवघडलेला, धुराने चुरचुरणारा चेहरा त्यांना दाखवला तर तिला तिथेच बेड्या पडतील. लाल वर्तुळवाले थंबनेलवर एका अस्पष्ट ठिपक्याभोवती गोल काढतात आणि बाराव्या मिनिटाला तो ठिपका म्हणजे गवत निघतं, पण तोवर तीन जाहिराती होऊन गेलेल्या असतात. ज्योतिषी सगळ्यात सुखी, कारण निकाल लागल्यावर पत्रिका पाहायची त्यांना मुभा आहे. नवरीच्या पत्रिकेतला मंगळ त्यांना खुनानंतर दिसला. आणि एक असतात ‘गुन्हा कबूल!’वाले. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी केलेल्या कायद्यात तसं होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तसंच आहे. कोठडीत माणूस काय काय कबूल करू शकतो, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. हे कलम युट्यूबच्या वर्णनाच्या खान्यात मावत नाही.

बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या वाचकांनीही खुनी आधी ओळखायचा आटापिटा केला, दिव्याच्या उजेडात पानं संपवली. त्या खेळात काही गैर नव्हतं, कारण बाबुरावांचा मेलेला माणूस कागदावर मेलेला असे आणि त्याची आई ग्रुपवरचा मेसेज वाचत नसे.

आपल्याच लोकांना नावं ठेवतो असा आरोप माझ्यावर होईल, म्हणून साहेबाचा देशही पाहू. जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, वायर नदीकाठच्या एका खेड्यात, कुत्र्याला फिरवायला गेलेली एक बाई नाहीशी झाली. फोन बाकावर पडलेला, त्यावर ऑफिसची मीटिंग चालूच. पोलीस म्हणत होते, ती नदीत पडली असावी. हे उत्तर फारच साधं होतं. देशभरातून लोक मोबाइल घेऊन त्या खेड्यात उतरले, अंधारात टॉर्च मारत लोकांच्या आवारांत शिरले, तिच्या जोडीदारावर आणि मैत्रिणींवर संशय घेतला. शेवटी पोलिसांना हरवलेली बाई शोधता शोधता सापडलेल्या गुप्तहेरांना हुसकावून लावावं लागलं. तीन आठवड्यांनी त्याच नदीत, मैलभर खाली, तिचा मृतदेह मिळाला. जूनमध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निर्णय दिला, अपघाताने बुडून मृत्यू. हजारो तपास अधिकारी, शेकडो संशयित, आणि खून शून्य.

अमेरिकेतला किस्सा याहून काळा. मार्च 2013 मध्ये ब्राउन विद्यापीठाचा 22 वर्षांचा भारतीय वंशाचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. घरचे त्याला वेड्यासारखे शोधत होते. पुढच्या महिन्यात बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, आणि इंटरनेटवरच्या तज्ज्ञांनी संशयिताच्या धूसर फोटोशी या मुलाचा चेहरा जुळवला. बेपत्ता मुलगा रातोरात दहशतवादी झाला. मुलगा सापडावा म्हणून घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्यांचा पूर आला. स्फोट करणारे दोघे भाऊ वेगळेच निघाले. हा मुलगा काही दिवसांनी नदीत मृतावस्थेत सापडला. स्फोट झाले तेव्हा तो या जगात नव्हताच. ज्या संकेतस्थळावर हा पराक्रम झाला त्याच्या चालकांनी माफी मागितली. ती त्यांनी मागितली हेच विशेष, आमच्याकडे ती पद्धत नाही.

हौशी माणसाचा कधीच उपयोग होत नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. 2021 मध्ये अमेरिकेत वायोमिंगच्या जंगलात एक तरुणी बेपत्ता झाली होती. तिथूनच फिरून आलेल्या एका कुटुंबाने आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा नीट पाहिलं, त्यात तिची पांढरी व्हॅन उभी दिसली. त्यांनी ते एफबीआयला कळवलं, आणि त्याच परिसरात तिचा मृतदेह मिळाला. त्यांचं आणि मावलाखियातच्या गाइडचं काम एकच, आपण जिथे होतो तिथे आपल्याला काय दिसलं ते सांगणं. बाकीचे जिथे नव्हते तिथलं सांगतात. तेही रोज रात्री नऊला, लाइव्ह.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणावरून झालेल्या याचिकांच्या निकालात, तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यांबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं होतं. तो निकाल वाहिन्यांसाठी होता. ‘फक्त पाणी आणि पार्किंग’ या ग्रुपला तो आपल्यालाही लागू आहे असं वाटण्याचं कारण नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये मेघालय पोलिसांनी सोहऱ्याच्या न्यायालयात 790 पानांचं आरोपपत्र दाखल केलं. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवेल. आमच्या मंडळींपैकी त्या आरोपपत्राचं एक पानही कोणी मागितलं नाही. एवढी पानं वाचायला वेळ लागतो, आणि शेवटही आधीच ठरलेला असतो, त्यांच्यापुरता.

तेव्हा वाचकहो, एखाद्या बेपत्ता माणसाला तुम्ही खरोखर, स्वतःच्या डोळ्यांनी कुठे पाहिलं असेल, तर ग्रुपवर टाकू नका. जवळच्या ठाण्यात जा किंवा 112 लावा. घरचं कोणी हरवलं तर चोवीस तास थांबायची गरज नाही, तसा कुठलाही कायदा नाही, लगेच तक्रार द्या. नाव, गाव, वेळ, पाहिलं ते आणि तेवढंच सांगा. पुढे साक्षीला बोलावतील, शपथ घ्यायला लावतील, आरोपीचा वकील उलटतपासणीत सोलून काढेल. एवढी तयारी असेल तरच तोंड उघडा. नसेल, तर टँकर किती वाजता येतोय तेवढं कोणीतरी खाली जाऊन बघून या.